लाळेच्या रिपोर्टवरून पैलवान ठरतो का?

कुस्ती, बॉक्सिंग, ज्युदो खेळणाऱ्या मुलामुलींच्या घरी आता 'स्पोर्ट्स डीएनए'चे रिपोर्ट येऊ लागले आहेत. नळीत लाळ भरून कुरियरने पाठवायची, काही आठवड्यांनी रंगीत पानांचा अहवाल हातात. मूल ताकदीचे की दमाचे, मेहनत कशी घ्यायची, खुराक कोणता, सगळे त्यात छापलेले. या विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतल्या सात पत्रांना इथे उत्तरे देत आहोत. प्रश्न प्रकृतीचे आहेत, म्हणून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा आहे, दोन वर्षे तालमीत जातो. त्याच्या रिपोर्टमध्ये 'एसीटीएन३ – एक्सएक्स, एसीई – आयआय. स्फोटक ताकद कमी, लांब पल्ल्याच्या खेळांस योग्य' असे आले आहे. वस्ताद म्हणतात, पोरगं चांगलं आहे. त्याला कुस्तीतून काढून धावण्याकडे वळवावे का? (वडील, इचलकरंजी)

नाही. वस्ताद त्याला रोज मातीत बघतात आणि रिपोर्टने त्याच्या दोन जनुकांतली एकेक जागा बघितली आहे. या बाबतीत वस्तादांचा शब्द जास्त वजनाचा.

एसीटीएन३ हे जनुक अल्फा-ॲक्टिनिन-३ नावाचे प्रथिन बनवते. स्नायूंतले जे तंतू झटक्यात आकुंचन पावतात, त्यांतच ते असते. आई आणि वडील दोघांकडून या जनुकाचा 'एक्स' प्रकार आला (म्हणजे एक्सएक्स), की हे प्रथिन अजिबात बनत नाही आणि त्याचे काम बरेचसे अल्फा-ॲक्टिनिन-२ उचलते. हा आजार नव्हे. जगात साधारण पाचांतला एक माणूस असाच असतो. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अव्वल खेळाडूंच्या अभ्यासात वेगाने धावणाऱ्यांमध्ये एक्सएक्स फार कमी आढळले आणि तेव्हापासून या जनुकाला 'वेगाचे जनुक' हे नाव चिकटले. पण तो समूहाचा हिशेब होता. दोन माणसांच्या वेगात जो फरक असतो, त्यातला जेमतेम दोन-तीन टक्के वाटा या एका जागेचा निघतो. लांब उडीत ८.२६ मीटर गेलेला स्पेनचा एक ऑलिंपिक खेळाडू एक्सएक्सच होता. आपल्या मुलाच्या रिपोर्टच्या भाषेत त्यालाही 'स्फोटक ताकद कमी' असेच छापून आले असते.

एसीई या दुसऱ्या जनुकाची गोष्ट अशीच आहे. त्यात डीएनएच्या २८७ अक्षरांचा एक तुकडा असतो किंवा नसतो. १९९८ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहकांत तुकडा असलेले, म्हणजे आयआय, जास्त सापडले. पुढच्या अभ्यासांत कधी तो संबंध दिसला, कधी दिसला नाही.

उंचीशी तुलना करून पाहा. उंची मोजायला सर्वांत सोपी आणि तिच्यात आनुवंशिक वाटाही मोठा. तरी २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांचा डीएनए तपासून उंचीशी जोडलेल्या १२ हजारांवर जागा मिळाल्या. त्या सगळ्या एकत्र धरूनही युरोपीय वंशाच्या लोकांतला सुमारे ४० टक्केच फरक समजावता आला, बाकीच्या वंशांत त्याहून बराच कमी. नुसत्या उंचीला १२ हजार जागा लागतात. मग ताकद, पकड, चपळाई, डाव कधी टाकायचा याची समज, हे सगळे दोन जागांवरून कसे सांगणार?

शिवाय कुस्ती हा निव्वळ झटक्याचा खेळ नाही. गादीवरची लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची, मध्ये ३० सेकंद विश्रांती. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, झटका लागतो. पण पाचव्या मिनिटाला तोच पट काढायला दम लागतो. रिपोर्टने मुलाला 'दमाचा' म्हटले म्हणून कुस्तीचे दार बंद होत नाही.

२०१५ मध्ये क्रीडा-जनुकशास्त्रातल्या अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून स्पष्ट लिहिले, की ग्राहकाला थेट विकल्या जाणाऱ्या अशा चाचण्यांचा गुणी खेळाडू निवडण्यासाठी किंवा एखाद्याची मेहनत ठरवण्यासाठी उपयोग नाही. आमचेही मत तेच आहे. रिपोर्ट फाडू नका, कपाटात ठेवा. मुलाला मात्र 'तुझ्यात ताकद नाही' हे वाक्य घरात कुणीही ऐकवू नका. तेराव्या वर्षी ऐकलेले असे वाक्य त्याच्या कुठल्याही जनुकापेक्षा जास्त नुकसान करील.

प्रश्न : आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुस्ती आहे. नात १२ वर्षांची, तीही खेळते. कुस्ती रक्तात असते म्हणतात ते किती खरे? आणि तिचा वजनगट आत्ताच ठरवता येईल का? (आजोबा, कराड तालुका)

जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसते, की खेळात वरच्या पातळीला पोचण्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या एका अभ्यासात तो सुमारे ६६ टक्के निघाला. पण या आकड्याचा अर्थ 'नातीची ६६ टक्के कुस्ती रक्तातून आली' असा होत नाही. एका समाजातल्या माणसामाणसांतल्या फरकाचे ते मोजमाप आहे. पैलवानाच्या घरात रक्त आणि तालीम एकाच माणसाकडून मिळते, त्यामुळे दोन्ही वेगळे काढणे अवघड. आपल्याच तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले. त्यांचे वडील दादासाहेबही पैलवान होते. मुलाला त्यांनी बांधा दिला आणि आखाडाही दिला.

वजनगटासाठी रक्ताचा सर्वांत स्वस्त हिशेब आई-वडिलांच्या उंचीचा. दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगी असेल तर १३ वजा करा, मुलगा असेल तर १३ मिळवा, आणि निम्मे करा. वडील १७२, आई १५७ असतील तर मुलीची अंदाजे उंची १५८. त्यात सुमारे ८ सेंटिमीटर इकडेतिकडे धरा. अंदाज इतका सैल आहे, म्हणून बाराव्या वर्षी वजनगट ठरवू नका. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सर्वांत वेगाने वाढते. दर तीन महिन्यांनी भिंतीवर खूण करा. वाढ जोरात असेल त्या काळात मानेचा पूल आणि जड वजने कमी ठेवा. वजन उतरवणे तर या वयात नकोच.

प्रश्न : मी २१ वर्षांची कुस्तीगीर. मैत्रीण आणि मी एकाच तालमीत, एकाच वेळापत्रकाने मेहनत करतो. तिचा दम वाढतो, माझा आहे तिथेच. हे जनुकांमुळे का? असेल तर मेहनत करून काय उपयोग? (पुणे)

काही अंशी जनुकांमुळे असू शकते. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या हेरिटेज अभ्यासात ९८ कुटुंबांतल्या ४८१ जणांना २० आठवडे एकसारखा सायकलचा व्यायाम दिला. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी मिनिटाला ४०० मिलिलिटरने वाढली. पण कुणाची जवळपास शून्याने, तर कुणाची लिटरभराने. हा फरक कुटुंबाकुटुंबांत जास्त आणि एकाच कुटुंबात कमी होता.

आता दुसरा अभ्यास पाहा, कारण तुमच्या कामाचा हाच आहे. झुरिकमध्ये ७८ जणांना सहा आठवडे, दर वेळी ६० मिनिटे व्यायाम दिला; कुणाला आठवड्यातून एकदा, कुणाला पाच वेळा. एकदा करणाऱ्यांत बहुतेकांना फायदा दिसला नाही. चार-पाच वेळा करणाऱ्यांत फायदा न झालेला एकही नव्हता. मग ज्यांना फायदा झाला नव्हता, त्यांना आठवड्याला आणखी दोन सत्रे दिली आणि सगळ्यांची क्षमता वाढली. तुमच्या शरीराला मात्रा जास्त लागत असेल, इतकाच त्याचा अर्थ.

पण मात्रा वाढवण्याआधी रक्त तपासा. दम न वाढण्याचे मुलींमधले सर्वांत नेहमीचे कारण लोहाची कमतरता. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारे) दोन्ही करा. हिमोग्लोबिन १२च्या खाली किंवा फेरिटिन ३०च्या खाली असेल, तर आधी डॉक्टरकडून त्यावर उपचार घ्या. इथे जनुकशास्त्र खरोखर उपयोगी पडते. हिमोग्लोबिन थोडे कमी, लाल पेशी आकाराने लहान पण संख्येने भरपूर, आणि फेरिटिन मात्र व्यवस्थित, असे चित्र दिसले तर बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक असण्याची शक्यता असते. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणाऱ्या एचपीएलसी चाचणीत एचबीए२ हा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांवर गेला, की निदान होते. अशा मुलीला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या देऊन काही साधत नाही, उलट लोह साठत जाते. पाळी अनियमित झाली असेल, जेवण कमी पडत असेल, झोप सहा तासांच्या खाली असेल, तर तेही आधी दुरुस्त करा.

मग मोजायला लागा. ज्युदोतली एक चाचणी तालमीत सहज घेता येते. तुमच्याच वजनाच्या दोन जोडीदारणी एकमेकींपासून ६ मीटरवर उभ्या करा, तुम्ही मधोमध. इकडे धावत जाऊन एक फेक, तिकडे जाऊन एक फेक. फेक दर वेळी तीच. आधी १५ सेकंद, मग १० सेकंद थांबा, ३० सेकंद, १० सेकंद थांबा, पुन्हा ३० सेकंद. एकूण फेका मोजा. थांबल्या क्षणीची नाडी आणि एका मिनिटानंतरची नाडी यांची बेरीज करून तिला फेकांच्या संख्येने भागा. १८० अधिक १५० म्हणजे ३३०, फेका २५, आकडा आला १३.२. आकडा जितका उतरेल तितका दम सुधारला.

ही चाचणी सुरुवातीला तीन दिवसांच्या अंतराने दोनदा घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे चाचणीचीच चूक. पहिल्यांदा १३.२ आणि दुसऱ्यांदा १३.६ आले, तर ०.३ची सुधारणा काहीच सांगत नाही. एकची सुधारणा खरी. हे न केल्यामुळे कितीतरी मुली 'माझ्यात फरकच पडत नाही' असे धरून बसतात. वेळ, गादी, जोडीदारणी, आदल्या दिवशीची मेहनत सारखी ठेवा.

सहा आठवड्यांत एकच गोष्ट बदला. आठवड्यात दोन जादा सत्रे घ्या : चार मिनिटे जोरात, नाडी तिच्या कमाल वेगाच्या ९० ते ९५ टक्के, मग तीन मिनिटे सावकाश, असे चार वेळा. त्या सत्रांच्या दिवशी बैठका कमी करा, नाहीतर पाय जड राहतील आणि जोरच लागणार नाही. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजा.

प्रश्न : रिपोर्टमध्ये 'दूध टाळा' आणि 'कॉफी मंद पचते' असे दोन शेरे आहेत. पैलवानाने दूध टाळायचे तर खुराक काय घ्यायचा? (सांगली)

दोन्ही गोष्टींना खरा जनुकीय आधार आहे. आणि दोन्ही तपासायला जनुक चाचणी लागत नाही.

दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज अनेकांत लहानपणानंतर कमी होते. सकाळी उपाशीपोटी अर्धा लिटर साधे दूध प्या. बदाम, साखर, केळे काही नको. तीन-चार तास बघा. पोट फुगले, मुरडा आला, जुलाब झाले तर दुसऱ्या दिवशी तेवढेच दही खाऊन बघा. दह्याने त्रास झाला नाही तर उत्तर मिळाले. अर्ध्या लिटर दुधात ही साखर सुमारे २५ ग्रॅम असते आणि कमी पचणाऱ्यांनाही बहुधा एका वेळी १२ ग्रॅम जेवणाबरोबर चालते. म्हणजे पेलाभर दूध जेवताना, दिवसातून दोन-तीनदा. बाकी दही, चक्का, पनीर, तूप. खुराक बुडत नाही.

कॉफीचे असे. टोरांटोत १०१ पुरुष खेळाडूंवर २०१८ मध्ये झालेल्या अभ्यासात सीवायपी१ए२ या जनुकाचा 'एए' प्रकार असणारे किलोमागे ४ मिलिग्रॅम कॅफीनने १० किलोमीटर सायकल लवकर संपवू शकले, तर 'सीसी' प्रकारचे उलट मंदावले. पण तोही एकच अभ्यास आणि खेळ वेगळा. किलोमागे ३ मिलिग्रॅम सरावाच्या लढतीआधी तासभर घेऊन दोन वेळा बघा, दोन वेळा न घेता बघा. हात थरथरले, झोप गेली, डाव घाईत गेले तर सोडून द्या. स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा कधीही घेऊ नका.

प्रश्न : आमच्या आश्रमशाळेत कुस्ती आणि कबड्डीची मुले आहेत. सिकलसेल तपासणीत तिघे 'वाहक' निघाले. मुख्याध्यापक म्हणतात त्यांना खेळातून काढा. मुले चांगली खेळतात. काय करावे? (क्रीडाशिक्षक, नंदुरबार जिल्हा)

मुलांना खेळू द्या. नियम मात्र बदला, आणि ते फक्त या तिघांसाठी नाही, सगळ्यांसाठी. या पानावरच्या सर्व प्रश्नांत मेहनत ठरवताना जनुकांची माहिती सर्वांत जास्त उपयोगी पडते ती इथे.

आधी रिपोर्ट नीट वाचा. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी 'पॉझिटिव्ह' आली म्हणजे मूल वाहक आहे (एएस, दोष आई-वडिलांपैकी एकाकडूनच आलेला) की आजारी आहे (एसएस, दोघांकडून आलेला), हे कळत नाही. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा कागद हातात हवा. एसएस असेल तर डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय एकही जोर नको. एएसमध्ये एचबीएस (सिकलसेलचे सदोष हिमोग्लोबिन) साधारण ४० टक्क्यांच्या आत असते आणि रोजच्या जगण्यात त्रास जाणवत नाही. केंद्राच्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत जुलै २०२३ पासून ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालू आहे, तिच्यातून पक्के निदान करून घेता येते.

वाहकाला धोका कधी? ताकद पणाला लावणारे श्रम, मध्ये विश्रांती न घेता, त्यातही उकाडा, अंगात पाणी कमी, ताप किंवा जुलाब, सवय नसताना अचानक सुरुवात. स्नायूंत प्राणवायू कमी पडतो, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि स्नायू मोडू लागतात. अमेरिकी लष्करातल्या सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात, जो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, वाहकांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले नाही. श्रमाने स्नायू मोडण्याचा धोका मात्र ५४ टक्क्यांनी जास्त आढळला. त्या लष्करात पाणी, विश्रांती आणि उन्हाची सवय यांचे नियम सगळ्यांनाच लागू होते. मुलांना काढण्यापेक्षा नियम पाळणे का बरे, ते यावरून मुख्याध्यापकांना दाखवता येईल.

सुट्टीनंतर मुले परत येतात, तो पहिला पंधरवडा सर्वांत जोखमीचा. पहिल्या दिवशी घड्याळ लावून पळवू नका, 'पडेपर्यंत बैठका' नको. आधी निम्मी मेहनत, मग दर दोन-तीन दिवसांनी वाढ. जोराच्या कामानंतर तिप्पट विश्रांती : २० सेकंद जोर, ६० सेकंद मोकळे. मुलाने 'बस' म्हटले की बस. त्यासाठी शिक्षा किंवा टोमणा नको. ताप, जुलाब, रात्रीचे जागरण असेल त्या दिवशी सुट्टी. वजनासाठी पाणी तोडणे, प्लास्टिकचा सूट, वाफ, हे या मुलांना पूर्ण बंद. ती आहे त्या वजनगटात खेळतील.

एक गोष्ट फार थोड्या प्रशिक्षकांना ठाऊक असते. लघवीचा रंग फिका म्हणजे पाणी पुरेसे, हा नेहमीचा नियम वाहकांना लागू पडेलच असे नाही. त्यांच्या मूत्रपिंडांना लघवी घट्ट करणे नीट जमत नाही, त्यामुळे अंगात पाणी कमी असतानाही लघवी फिकीच दिसू शकते. म्हणून काट्यावर भरवसा ठेवा. मेहनतीआधी आणि नंतर, घाम पुसून, लंगोटीवर वजन करा. एक किलो घटले तर पुढच्या काही तासांत सव्वा लिटर पाणी, थोडे मीठ असलेल्या जेवणासह. लघवीत रक्त दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर.

मूल कोसळले तर ओळखायचे कसे? उन्हाचा गोळा आला, तर स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि मूल विव्हळते, तडफडते. सिकलिंगमध्ये, म्हणजे लाल पेशी वाकल्या तर, मूल हळूहळू खाली बसते, 'पायात जीव नाही' म्हणते, दुखते पण स्नायू हाताला मऊ लागतो, आणि बोलता येत असते. बोलते आहे म्हणून त्याला उभे करून पळवणे हीच जीव घेणारी चूक. झोपवा, सावलीत घ्या, अंग थंड करा, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या, प्राणवायू उपलब्ध असेल तर लावा आणि १०८ला फोन करा. फोनवर आणि दवाखान्यात 'सिकलसेल वाहक आहे, श्रमात कोसळला' हे शब्द सांगा. पोटॅशियम आणि मूत्रपिंड तातडीने बघावे लागते. चहाच्या रंगाची लघवी झाली तर दुसऱ्या दिवशीही तो धोक्यातच आहे.

तिघांची नावे फळ्यावर लावू नका. माहिती तुमच्याकडे, वॉर्डनकडे आणि पालकांकडे राहू द्या. मुले मोठी झाल्यावर हाच कागद लग्नाआधी लागेल : दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्यात आजाराची शक्यता चारात एक.

प्रश्न : माझा भाऊ ३२व्या वर्षी धावताना अचानक गेला. मुलगा १६ वर्षांचा, कुस्ती करतो. हृदयाची जनुक चाचणी करून घेऊ का? (आई, सोलापूर)

ताई, आधी चाचण्यांचा क्रम समजून घ्या. जनुक चाचणी सर्वांत शेवटी. हृदयरोगतज्ज्ञाकडून तपासणी, १२ लीडचा ईसीजी आणि टूडी एको या आठवड्यातच करा आणि हे होईपर्यंत मुलाची मेहनत थांबवा. तुमचाही ईसीजी आणि एको करा, कारण भावाकडून मुलाकडे जाणारी वाट तुमच्यातूनच जाते. भावाचे शवविच्छेदन झाले असेल तर तो कागद शोधून काढा. त्यातले हृदयाचे वजन आणि भिंतीची जाडी डॉक्टरला फार उपयोगी पडते.

हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजारात, ज्याला हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी म्हणतात, प्रत्येक अपत्यात दोष येण्याची शक्यता निम्मी असते. अडचण अशी, की पैलवानाचे हृदय मेहनतीनेही थोडे जाड होते. डाव्या कप्प्याची भिंत १२ मिलिमीटरपर्यंत असेल तर सहसा काळजी नसते. १५च्या पुढे गेली तर आजार धरावा लागतो. १३-१४ मधला प्रदेश धूसर, आणि घरात असा मृत्यू असेल तर १३लाही गांभीर्याने घेतात. अशा वेळी तीन महिने मेहनत पूर्ण थांबवून पुन्हा एको करतात. मेहनतीने आलेली जाडी उतरते, आजाराची उतरत नाही.

जनुक चाचणी करायची ती घरातल्या आजारी माणसापासून. त्याचा दोष सापडला, तरच बाकीच्यांची चाचणी अर्थाची. नुसत्या मुलाची केली आणि काही निघाले नाही, तर त्याने निर्धास्त होता येत नाही. आणि निघाले तरी घोटाळा होऊ शकतो. एमवायबीपीसी३ जनुकातला २५ अक्षरे गळण्याचा दोष दक्षिण आशियातल्या सुमारे ४ टक्के लोकांत असतो, हे २००९ मध्ये समोर आले. त्यांतल्या बहुतेकांना कधी त्रास होत नाही. तेवढ्यावरून कुणाची कुस्ती बंद करणे चूक. पहिल्या तपासणीत सगळे नीट आले आणि घरात या आजाराचा संशय कायम असला, तरी वाढीच्या वयात दर एक-दोन वर्षांनी एको करत राहा; हा आजार बहुधा याच वयात डोके वर काढतो.

प्रश्न : बॉक्सिंग करतो, वय १९. एपीओई४ असलेल्या बॉक्सरच्या मेंदूला जास्त इजा होते असे वाचले. चाचणी करू का? (मुंबई)

१९९७ मध्ये ३० बॉक्सरांचा एक अभ्यास झाला. जास्त लढती खेळलेल्यांत एपीओई४ (एपीओई या जनुकाचा एक प्रकार) असणाऱ्यांची अवस्था वाईट होती आणि ज्यांचा मेंदू गंभीर बिघडला होता, त्या सगळ्यांत हा प्रकार निदान एका बाजूने आलेला होता. पण ३० माणसांवरून नियम बनत नाही आणि पुढचे अभ्यास एकसुरी नाहीत. हाच प्रकार म्हातारपणीच्या अल्झायमरचा धोकाही वाढवतो. म्हणजे १९व्या वर्षी तुम्हाला आणि तुमच्याबरोबर आई-वडिलांना अशी बातमी मिळेल, जिच्यावर औषध नाही. चाचणीत एपीओई४ निघाले नाही तर 'आता कितीही मार खाऊ' असे वाटणे त्याहून घातक. आमचा सल्ला, चाचणी करू नका. करायचीच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला.

निघाले असते तर काय केले असते? डोक्यावरचा मार कमी केला असता. ते आत्ताच करा. डोक्यावर जोराचे ठोसे बसणारे स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या फेऱ्यांपुरते. बाकी दिवस पॅड, बॅग, पायांचे काम आणि फक्त अंगावरचे स्पारिंग. वजन उतरवण्यासाठी पाणी कमी केलेल्या दिवसांत स्पारिंग अजिबात नको.

ठोसा बसून डोके गरगरले, क्षणभर काही आठवेना, मळमळले, तर त्या दिवशी पुन्हा रिंगमध्ये पाय नको. पुढे पायऱ्या : घरातली रोजची हालचाल; हलके चालणे किंवा सायकल; शॅडो (एकट्याने हवेत ठोसे); पॅड आणि बॅग; मग डॉक्टरच्या लेखी परवानगीनंतरच स्पारिंग; शेवटी लढत. प्रत्येक पायरीला किमान २४ तास आणि लक्षण परत आले तर एक पायरी मागे. मोसम सुरू होण्याआधी, डोके शांत असताना, वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा : डोळे मिटून एका पायावर किती सेकंद उभे राहता येते, ऐकलेले दहा शब्द पाच मिनिटांनी किती आठवतात, आणि महिन्यांची नावे उलटी म्हणायला किती वेळ लागतो. ठोसा बसल्यावर हेच पुन्हा करून बघा, आणि वही प्रशिक्षकाकडे ठेवा. तुमच्याकडे राहिली तर लढत जवळ आल्यावर आकडा बदलण्याचा मोह होतो.